उतारशाळेचे बंद दार

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या बाजारपेठा तांबड्या टोप्यांनी आणि प्लास्टिकच्या झाडांनी भरून जातात. दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चढतो, खरेदीवर सूट जाहीर होते. ज्याच्या जन्माचा हा उत्सव, त्याचे नाव मात्र या झगमगाटात क्वचितच आढळते. दुसरीकडे संस्कृतिरक्षणाचा मक्ता घेतलेली मंडळी हा सण परकीय ठरवून दंड थोपटतात. २०२१ च्या डिसेंबरात आग्र्यात सांताक्लॉजचे पुतळे जाळण्यात आले. वरकरणी या दोन प्रवृत्ती परस्परविरोधी भासतात. वस्तुतः नाताळचा आशय दडपण्याच्या कामी त्या एकमेकींच्या साहाय्यक आहेत.

हा आशय कोणता? लूकच्या शुभवर्तमानानुसार रोमन सम्राटाने शिरगणतीचा हुकूम काढला, म्हणून नाझरेथचा योसेफ आपल्या गरोदर वाग्दत्त वधूसह बेथलेहेमला आला. उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. जन्मलेले मूल गव्हाणीत निजविले गेले आणि ती वार्ता सर्वप्रथम कळली ती रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद राजा बालहत्या करवितो आणि हे कुटुंब मिसर देशात आश्रय घेते. बेघर, श्रमिक आणि निर्वासित हीच या कथेची माणसे. तिच्यावर श्रद्धा ठेवावी की इतिहासाच्या कसोटीवर ती तपासावी, हा प्रश्न वेगळा. ती कोणाच्या बाजूने उभी आहे, याविषयी संदेह उरत नाही.

बाजाराने प्रथम ही गव्हाणच दृष्टीआड केली. आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथील बिशप निकोलस हे सांताक्लॉजचे मूळ. गरीब मुलींच्या विवाहासाठी त्याने रात्री गुपचूप द्रव्य टाकल्याची आख्यायिका आहे. त्याचे आजचे गुबगुबीत, हसरे रूप मात्र १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी जगभर रुजविले. गुप्तदान करणारा संत असा विक्रेता झाला! आणि या विक्रीचा भार कोणाच्या पायांवर उभा आहे? महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. कामगारांना साप्ताहिक सुटी दिली खरी. परंतु १० पेक्षा कमी कामगारांची आस्थापने तेव्हाच बहुतेक तरतुदींतून वगळली गेली. केरळात तर विक्रेत्या स्त्रियांना कामाच्या वेळी नुसते बसता यावे, एवढ्यासाठी दीर्घकाळ लढावे लागले. तेव्हा कुठे २०१८ मध्ये कायदा बदलला. सणाच्या गर्दीत दिवसभर उभी असलेली विक्रेती हीच आजची उतारशाळेबाहेरची स्त्री आहे.

आता परकीयपणाचा आक्षेप. २५ डिसेंबर ही तारीख बायबलात नाही, इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात ती आढळते. हा सण ज्या भूमीत गेला, त्या भूमीचा झाला. गोव्यात तो नेवऱ्या आणि दोदोल घेऊन येतो, वसईत सामवेदी बोलीत बोलतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत आणली. या मराठी नाताळला परका म्हणणाऱ्यांना नाताळच्या बाजाराचा मात्र विटाळ होत नाही. पुतळा जळतो, सवलतीच्या विक्रीला कोणी धक्का लावीत नाही.

तथापि दोष केवळ बाहेरच्यांचा नाही. गव्हाणीसमोर गुडघे टेकणाऱ्या समाजातही जातीची उतरंड टिकून राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. देवळात दलित, चर्चमध्येही दलित आणि सवलतींच्या यादीत मात्र ख्रिस्ती, असा हा तिहेरी अन्याय आहे. त्याविरुद्ध बोलताना ज्या धर्मगुरूचा आवाज अडखळतो, त्याच्या नाताळच्या प्रवचनाला कोणता अर्थ उरतो?

या कथेचा अर्थ ज्यांना उमगला, त्यांनी तो आचरणातून दाखविला आहे. २०२३ च्या नाताळात खुद्द बेथलेहेमने उत्सव रद्द केला आणि तेथील लुथरन चर्चने गाझातील बालकांच्या स्मरणार्थ बाळ येशूची मूर्ती दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवली. त्या एका ढिगाऱ्याने लक्षावधी दिव्यांपेक्षा अधिक प्रकाश दिला.

समाजवादी कार्यकर्त्याने नाताळकडे परक्याचा सण म्हणून पाठ फिरविण्याचे कारण नाही, आणि सर्वधर्मसमभावाचा उपचार म्हणून केकचा तुकडा खाऊन परतण्याचेही नाही. दुकानातील विक्रेतीच्या सुटीसाठी आणि आसनासाठी, दलित ख्रिस्त्यांच्या हक्कासाठी, धाकात भरणाऱ्या प्रार्थनासभेच्या रक्षणासाठी उभे राहणे, हेच त्याचे नाताळचे कार्य होय. उतारशाळेचे दार आजही बंद आहे. त्याच्यावर रोषणाई करणारे पुष्कळ आहेत. ते ठोठावणारे हवे आहेत.