साडेसात इंचांची साडेसाती

परवा कॉलेजातल्या मित्राचा फोन. तोही इथेच, कॅलिफोर्नियात. "वाफेचं इंजिन घेतोय रे, बसून चालवायचं. कुठलं घेऊ?"

"कुठलंच नको," मी म्हटलं. तो वैतागला. म्हटलं, आता सविस्तर लिहूनच काढू.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खऱ्या इंजिनाच्या साधारण १/८ आकाराचं इंजिन. पण खेळणं नव्हे, आत खरा बॉयलर आणि खरी आग. रुळांमधलं अंतर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी साडेसात इंच, इंग्लंडात सव्वासात. ड्रायव्हर इंजिनामागच्या टेंडरवर बसतो आणि डब्यांवर माणसं घोड्यावर बसल्यासारखी. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात अशा गाडीत बसता येतं. ओरेगॉनमधल्या ट्रेन माउंटनला तर २५ मैलांहून जास्त रूळ आहेत! एकदा बसलात की संपलं. घरी येऊन माणूस जुन्या इंजिनांच्या किमती बघायला लागतो. मीही बघितल्या. बायको म्हणाली, साडेसात इंच नाही, साडेसाती आहे ही :)

तर माझं स्पष्ट मत: सुरुवात खरेदीने करू नका. पैसा हे कारण आहेच, पण खरं कारण बॉयलर.

घराजवळच्या एका क्लबात मी पहिले सहा महिने खडी टाकली, स्लीपर बदलले, राख काढली. मेकॅनिकलची डिग्री आहे हो आमच्याकडे, पण तिथे तिला कोणी विचारलं नाही. मग एका आजोबांनी (हे मनातल्या मनात, तोंडावर पहिल्या नावानेच हाक) इंजिन हातात दिलं आणि स्वतः मागे बसले. त्यांच्या मागे चार पोरं. मी आग आणि शिट्टी यांत रमलो. पाण्याच्या काचेकडे नजर गेली तेव्हा पातळी तळाला टेकत आलेली. इंजेक्टर उघडला, तर तो तापलेला, पाणी घेईचना. आजोबा मागून शांतपणे म्हणाले, "गाडी थांबव. हातपंप मार."

पातळी वर आली. पोरांना काही कळलंही नाही. माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते.

कारण पुस्तकात वाचलेलं होतंच. आगपेटीच्या छतावर कायम पाणी लागतं. ते उघडं पडलं की धातू तापून मऊ होतो आणि वरून दाब असतोच. म्हणूनच पाणी भरायची एकाहून जास्त साधनं ठेवतात. म्हणूनच बॉयलरची चाचणी वाफेने नाही, थंड पाण्याने करतात, सहसा कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा दुप्पट. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे बॉयलर फुटलाच तर गळतो, स्फोट होत नाही. हे सगळं मला परीक्षेपुरतं येत होतं. काचेकडे बघायची सवय मात्र नव्हती.

आपल्या धंद्यात आज रिलीज करायचं, सोमवारी पॅच टाकायचा. इथे मागे पोरं बसलेली असतात. वॉल्ट डिस्नेने १९५० साली घराच्या आवारात अशी सुमारे अर्ध्या मैलाची रेल्वे सुरू केली होती. इंजिनाला बायकोच्या नावावरून 'लिली बेल' नाव दिलं. १९५३ मध्ये इंजिन घसरलं आणि निसटलेल्या वाफेने एका लहान मुलीला भाजलं. डिस्नेने रेल्वे बंद केली. पैसा, हौस, हाताखाली कारागीर, सगळं असलेला माणूस!

मग करायचं काय? आधी दोन-तीन क्लब बघा. एकाचं सभासद व्हा आणि मिळेल ते काम करा. एक सीझन कुणाच्या तरी नजरेखाली दुसऱ्याचं इंजिन चालवा. खरेदी त्यानंतर. तीही बॉयलरची चाचणी जाणकारासमोर झाल्यावर आणि इंजिन वाफेवर चालताना डोळ्यांनी बघितल्यावरच. नुसतं रंगकाम बघून भुलू नका.

"म्हणजे वर्षभर फुकट हमाली?" मित्र म्हणाला.

हो, तीच. क्लबवाले जो वेळ खडी टाकून घेण्यात घालवतात, त्यात ते तुम्हाला पारखत असतात, असं मला आता वाटतं. ज्याला राख काढायचा कंटाळा, तो काचेकडे काय बघणार?

असो. शनिवारी तो येतोय. इंजिनाचं पुढचं पुढे. सध्या जाड हातमोजे आणायला सांगितलेत.