थेंबाथेंबाने बदलणारे पाणी : सोय खरी, बचत नव्हे

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी दिवाणखान्यात पाचशे लिटरची माशांची टाकी ठेवली आहे. टाकीच्या एका टोकाला बारीक नळीतून रात्रंदिवस ताजे पाणी ठिबकते. दुसऱ्या टोकाला, काठाच्या थोडे खाली पाडलेल्या भोकातून तेवढेच पाणी आपोआप मोरीत जाते. बादल्या उपसण्याचे काम संपले. "आता टाकीकडे बघावेसुद्धा लागत नाही, शिवाय पाणीही वाचते," असे ते मोठ्या समाधानाने म्हणाले. विद्यार्थिमित्रांनो, या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्या कोणत्या, ते आपण पाहू.

मुळात टाकीतले पाणी बदलायचे कशासाठी? माशांच्या शरीरातील टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. उरलेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशांना घातक असतो. गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. पण नदीत ते वाहून जाते, तळ्यात वनस्पती ते शोषून घेतात, आणि बंद टाकीत मात्र ते साठत राहते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. वरून नुसती भर घालत गेलो, तर क्षारही वाढत जातात. म्हणून काही पाणी काढून नवे घालणे भाग पडते.

ठिबक पद्धतीत हे काम जे साधन करते, ते तुमच्यापैकी कित्येकांनी केळीच्या किंवा द्राक्षांच्या बागेत पाहिले असेल. शेतातल्या ठिबक सिंचनाचीच ती तोटी. ताशी 2 लिटरची एक तोटी लावली, तर दिवसाला 48 लिटर पाणी बदलते.

आता थोडे गणित करू. समजा, पाचशे लिटरच्या टाकीत नायट्रेट रोज लिटरमागे 2 मिलिग्रॅमने वाढते. एकाने दर रविवारी निम्मे, म्हणजे 250 लिटर पाणी बदलले. काही आठवड्यांनी टाकीत असा क्रम बसतो : पाणी बदलल्यावर 14, आठवडाभरात त्यात 14 ची भर पडून 28, आणि पुन्हा निम्मे केल्यावर 14. म्हणजे पातळी 14 आणि 28 यांच्यामध्ये हेलकावे खाते.

दुसऱ्याने तेच 250 लिटर आठवडाभर थेंबाथेंबाने सोडले. ताशी सुमारे दीड लिटर. त्याच्या टाकीतले एकचौदांश पाणी रोज बदलते. रोज येणारे 2 मिलिग्रॅम रोज बाहेर जायचे असतील, तर पातळीचा चौदावा भाग 2 असला पाहिजे. म्हणजेच पातळी 28 हवी! पहिल्याच्या टाकीत जी सर्वांत वाईट स्थिती शनिवारी रात्री येते, ती दुसऱ्याच्या टाकीत कायमची असते.

असे का व्हावे? उत्तर सोपे आहे. बादलीने पाणी काढताना आपण फक्त जुने पाणी काढतो. ठिबक पद्धतीत नुकतेच आलेले स्वच्छ पाणीही जुन्यात मिसळून थोडेथोडे बाहेर जात असते. तेव्हा ठिबक पद्धतीने पाणी वाचत नाही. तेवढीच स्वच्छता हवी असेल, तर उलट जास्त पाणी लागते. शेतात ठिबक पाणी वाचवते, कारण तिथे ते थेट मुळाशी पडते. टाकीत तसे काही घडत नाही. साधन एकच, पण काम निराळे.

मग ठिबक पद्धत टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. तिचा खरा गुण स्थिरता हा आहे. निम्मी टाकी एकदम बदलली, की तापमान आणि क्षार यांत झटकन फरक पडतो. नळाच्या पाण्यातील क्लोरिनचा माशांच्या कल्ल्यांना एकदम मारा बसू शकतो. थेंबाथेंबाने हे बदल इतके सावकाश होतात, की नाजूक माशांनाही जाणवू नयेत. अर्थात तेव्हाही येणारे पाणी क्लोरिन काढूनच सोडणे शहाणपणाचे.

दुसरी चूक 'बघावे लागत नाही' ही. क्षारांनी तोटी बुजली, तर पाणी बदलणे थांबते आणि कळतसुद्धा नाही. बाहेरच्या भोकात पान किंवा गोगलगाय अडकली, तर दिवाणखान्यातच तळे होते. विहिरीच्या पाण्यात आधीच नायट्रेट असेल, तर कितीही थेंब सोडले तरी टाकीतली पातळी त्याखाली येणार नाही. यंत्र आपले श्रम वाचवते. आपले डोळे उघडे ठेवण्याची जबाबदारी काही ते घेत नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दिवसाला 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. आपल्या एका तोटीतून 48 लिटर पाणी मोरीत जाते. जवळजवळ एका माणसाचा वाटा! 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अशा प्रदेशात मोरीत सोडलेली ठिबक मला पटत नाही.

म्हणून माझे मत असे. मोठ्या गोड्या पाण्याच्या टाकीला ठिबक जरूर लावावी, पण तीन अटींवर. बाहेर येणारे पाणी कुंड्यांना किंवा परसातल्या झाडांना गेले पाहिजे. माशांना नको असलेले नायट्रेट झाडांना खत म्हणून हवेच असते. तोटीचा वेग अंदाजाने न ठरवता नायट्रेट मोजून ठरवावा, आणि पातळी फार वाढत असेल तर थेंब वाढवण्याआधी मासे आणि अन्न कमी करावे. शिवाय आठवड्यातून एकदा तोटीखाली लिटरची बाटली धरावी. ताशी 2 लिटरच्या तोटीने ती अर्ध्या तासात भरली पाहिजे. हे जमत नसेल, त्याने आपली रविवारची बादली सोडू नये.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. शाळेत करून पाहा. दोन सारख्या भांड्यांत लिटर-लिटर पाणी घेऊन सारखीच शाई मिसळा. एकातले अर्धा लिटर पाणी काढून तेवढेच स्वच्छ पाणी ओता. दुसऱ्यात अर्धा लिटर स्वच्छ पाणी ढवळत ढवळत थेंबाथेंबाने सोडा आणि वरचे पाणी वाहू द्या. पहिल्यात निम्मी शाई उरेल, दुसऱ्यात शंभरातले सुमारे 61 भाग. दोन्ही भांडी खिडकीत शेजारी शेजारी ठेवा. कोणते अधिक निळे दिसते, ते पाहा आणि मग त्या गृहस्थांना काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा.