किती चालता येते, हाही प्रश्नच आहे

१९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ज्या रुग्णालयास सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो, तेथे जालना, बीड, परभणीकडून हार्ट फेल्युअरचा रुग्ण येतो, तेव्हा आपण किती वर्षे जगू हे विचारण्यापूर्वी, एस.टी.च्या थांब्यापर्यंत दम न लागता जाता येईल काय, हेच तो विचारतो. या प्रश्नास गौण लेखणे मला अन्यायाचे वाटते.

अर्थात आयुष्य आणि श्रमशक्ती यांचा हिशेब सरळ नाही. बीटा-ब्लॉकर औषधे आयुष्य निश्चित वाढवितात, चालण्याची शक्ती मात्र फारशी नाही; उलट फ्लोसेक्विनान नामक औषधाने श्रमशक्ती वाढविली खरी, परंतु मृत्यूंचे प्रमाणही वाढल्याने १९९३ साली ते मागे घ्यावे लागले.

म्हणूनच लोहाची हकिकत मला मोलाची वाटते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेअर-एचएफ’ या ४५९ रुग्णांच्या चाचणीत, लोहाची उणीव असलेल्या ज्यांना शिरेवाटे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचे इंजेक्शन दिले, ते २४ आठवड्यांअखेर सहा मिनिटांत इतरांहून सुमारे ३५ मीटर अधिक चालू लागले. आणि हा लाभ हिमोग्लोबिन उतरलेल्यांपुरताच नव्हता, कारण लोह हे स्नायूंतील ऊर्जानिर्मितीसही आवश्यक असते. धडधाकट माणसास हे अंतर क्षुल्लक भासेल. माजघरातून अंगणात येताना ज्याला भिंतीचा आधार घ्यावा लागतो, त्यास तसे भासणार नाही. या उपचाराने आयुष्यही वाढते, हे मात्र अद्याप निर्विवाद ठरलेले नाही. पोटात घेण्याच्या गोळ्यांनी तर, २०१७ च्या चाचणीनुसार, १६ आठवड्यांत श्रमशक्तीत काहीच भर पडली नाही. तेव्हा स्वस्त गोळ्या हाती देऊन कर्तव्य पार पडले असे मानता येत नाही.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची नोंद सरकार दरबारी उपलब्ध असताना, अशा प्रांतात हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाची फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याची, तपासणी न होणे अक्षम्य आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर इस्पितळात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर असल्याने, दरमहाच्या औषधांचा भार कुटुंबावरच पडतो. शासनाने ही तपासणी व हे इंजेक्शन घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात विनामूल्य देण्याची तरतूद येत्या अंदाजपत्रकातच करावी; आणि प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर रक्तदाबाशेजारी सहा मिनिटांत चाललेले अंतरही नोंदवावे, ज्यास सपाट व्हरांडा, घड्याळ आणि एका परिचारिकेची देखरेख यांहून अधिक खर्च लागत नाही.