खेळणारा मुलगा आणि घरची मंडळी

गेल्या महिन्यांत कांहीं कामानिमित्त अमरावतीस जाणें झालें, तेव्हां एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस मुक्काम घडला. घर भरलेलें आहे. आजोबा-आजी, दोघे मुलगे, दोघी सुना आणि चार नातवंडें एकाच छपराखालीं सुखानें नांदतात. रात्रीचीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली असतां थोरल्या नातवाचा विषय निघाला. मुलगा अकरावींत आहे, बुद्धीनें चांगला आहे आणि क्रिकेटचें त्याला वेड आहे. मैदानावरील सराव आणि पदार्थविज्ञानाची शिकवणी या दोहोंची सायंकाळची वेळ एकच येते. वडील म्हणाले, "दोन वर्षें बॅट माळ्यावर ठेव, मग पुढें काय तें पाहूं." काका म्हणाले, "दादा, दोन वर्षांनीं बॅट उरेल, खेळ उरणार नाहीं." आजींना काळजी होती ती त्याच्या उन्हांत रापलेल्या चेहऱ्याची. मुलगा मात्र खालीं मान घालून पायाच्या अंगठ्यानें फरशी उकरीत बसला होता. शेवटीं आजोबा आमच्याकडे वळून म्हणाले, "आपण लिहितां, चार घरीं फिरतां. आपणच सांगा, याला खेळूं द्यावें कीं नाहीं?"

त्या रात्रीं आम्हांला नीट उत्तर देतां आलें नाहीं. कांहींतरी गुळमुळीत बोलून आम्ही वेळ मारून नेली. परंतु हा प्रश्न त्या एकाच घरचा नव्हे, आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या ओसरीवर तो निघत असेल, हें परतीच्या गाडींत ध्यानांत आलें. म्हणून या महिन्याचें हें पान त्याच प्रश्नाला देत आहों.

खेळाचें प्रेम अमरावतीला नवें नाहीं. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं तेथें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं त्या मंडळाच्या पथकानें देशी व्यायामाचे प्रयोग परदेशीयांपुढें करून दाखविले. त्या काळीं मुलगा आखाड्यांत जातो याचें घरांत कौतुकच होई. शरीर आखाड्यानें कमवावें आणि पोट विद्येनें भरावें, अशी वांटणी सर्वांच्या मनांत पक्की होती. आज ती वांटणी राहिलेली नाहीं. खेळ हा स्वतःच एक व्यवसाय होऊन बसला आहे आणि त्यांतील कोटींच्या रकमा घरोघर लहान मुलांच्या तोंडीं आहेत. त्यामुळें वडील मंडळींच्या मनांत एकाच वेळीं दोन भावना उठतात. एक लोभाची, दुसरी धास्तीची. आणि दोन्ही उतावळ्या. मुलाचें काय होणार तें आजच कळावें, अशी दोहोंचीही घाई असते.

आतां प्रत्यक्ष वाट कशी आहे तें पाहूं. रणजी करंडकाच्या सामन्यांत विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ च्या हंगामापासून उतरूं लागला. त्या संघानें करंडक प्रथम जिंकला तो १ जानेवारी २०१८ रोजीं, इंदूरच्या मैदानावर दिल्लीचा पराभव करून. मध्यें साठ वर्षें गेलीं. विदर्भाचे जिल्हे अकरा आणि संघांतल्या जागाही अकराच. म्हणजे सरासरीनें एका जिल्ह्याच्या वांट्याला एकच जागा येते, आणि अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या मैदानांवर रोज घाम गाळणाऱ्या शेंकडों मुलांचे डोळे त्या एका जागेकडे लागलेले असतात. बाहेरच्या प्रांतांतून येणारे खेळाडू त्यांत आणखी वांटेकरी होतात. हा हिशेब ज्या वडिलांना भय घालतो त्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाहीं.

या वाटेनें गेलेल्या दोन वऱ्हाडी तरुणांची हकीकत आम्हांला बोधप्रद वाटते. एक अकोल्याचा, दुसरा अमरावतीचा. मध्यें मूर्तिजापूर आणि बडनेरा हीं स्टेशनें टाकलीं कीं एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोंचतां येतें. पण दोघांच्या वाटा मात्र अगदीं निराळ्या.

अकोल्याचा अथर्व तायडे हा २००० सालीं जन्मला. डाव्या हातानें फलंदाजी करणारा हा मुलगा लहानपणींच पुढें आला. २०१७-१८ च्या हंगामांत एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकासाठीं तो विदर्भाचा कर्णधार होता, आणि अंतिम सामन्यांत मध्य प्रदेशाविरुद्ध त्यानें एकट्यानें ३२० धावा काढल्या. करंडक विदर्भाकडे आला. अशा मुलाला त्याच वर्षींच्या कुमारांच्या विश्वचषकासाठीं न्यूझीलंडला नेलें असेल, असें कोणासही वाटेल. पण त्या संघांत त्याचें नांव नव्हतें. ज्याला ऐन वेळीं बोलावणें आलें तो अकोल्याचाच दुसरा मुलगा होता, वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे. त्यानें नुकताच इंदूरच्या त्या अंतिम सामन्यांत आपला पहिलावहिला रणजी सामना खेळला होता, आणि संघांतील एका गोलंदाजाला दुखापत झाल्यामुळें त्याची वर्णी लागली. एकाच गांवचीं दोन मुलें. ३२० धावांनीं जें झालें नाहीं तें दुसऱ्या कोणाच्या दुखापतीनें झालें. अथर्वला पुढच्या विश्वचषकाची आशाही नव्हती, कारण २०२० च्या स्पर्धेच्या वेळीं तो वयाच्या मर्यादेबाहेर गेला, आणि तोही अवघ्या कांहीं महिन्यांनीं.

मग त्यानें काय केलें? २०१८ च्या जुलै महिन्यांत तो कुमारांच्या संघाबरोबर श्रीलंकेस गेला. पहिल्या कसोटीकडे सर्व देशाचें लक्ष होतें, पण तें त्याच्यासाठीं नव्हे. सचिन तेंडुलकरांचा मुलगा अर्जुन त्या सामन्यांत प्रथम खेळत होता. छायाचित्रकारांची गर्दी दुसरीकडे असतांना अकोल्याच्या मुलानें ११३ धावा काढल्या, आणि दुसऱ्या कसोटींत १७७. पुढें त्याच हंगामांत तो विदर्भाच्या वरिष्ठ संघांत आला आणि २०१९ च्या इराणी करंडकाच्या सामन्यांत ७२ धावांची मोलाची खेळी करून गेला.

आतां अमरावतीचा जितेश शर्मा. याचा जन्म १९९३ चा. क्रिकेटचें ध्येय बाळगून हा मैदानावर आलाच नाहीं. सैन्यदलांत जावें अशी त्याची इच्छा होती, आणि राज्याच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना परीक्षेंत कांहीं गुण अधिक मिळतात म्हणून तो खेळाकडे वळला, असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. आमच्या घरांतून खेळानें गुण कमी होतात अशी तक्रार असते. येथें गुणांसाठीं खेळ सुरू झाला! यष्टिरक्षक आणि फटकेबाज फलंदाज म्हणून त्यानें २०१४ सालीं विदर्भाच्या वरिष्ठ संघांत प्रवेश केला. २०१६ सालीं आयपीएलमधील मुंबईच्या संघानें त्याला आपल्याकडे घेतलें. घरच्या मंडळींना केवढा आनंद झाला असेल! परंतु त्या संघाकडून त्याला एकही सामना खेळावयास मिळाला नाहीं. पंजाबच्या संघाकडून आयपीएलमधील त्याचा पहिला सामना झाला तो ३ एप्रिल २०२२ रोजीं. मध्यें सहा वर्षें लोटलीं होतीं आणि त्याचें वय अठ्ठावीस झालें होतें. आपल्या समाजांत अठ्ठाविसाव्या वर्षीं मुलानें काय काय केलेलें असावें याच्या अपेक्षा वाचकांस सांगावयास नकोत. त्या सहा वर्षांत लग्नकार्यांतून, हळदीकुंकवांतून "सध्यां मुलगा काय करतो?" या प्रश्नाला अशा घरच्या माउल्यांना काय उत्तर द्यावें लागत असेल, हें ज्यांच्या घरीं असा मुलगा आहे त्यांनाच कळेल.

या दोन वाटा एका संध्याकाळीं एकमेकींस मिळाल्या. १७ मे २०२३ रोजीं धरमशाळेच्या मैदानावर पंजाबचा सामना दिल्लीशीं होता आणि दोघेही पंजाबकडून खेळत होते. २१४ धावांचें आव्हान होतें. अथर्व ४२ चेंडूंत ५५ धावांवर होता. धावा हव्या तितक्या वेगानें होत नाहींत म्हणून डाव चालू असतांनाच तो बाद न होतां मैदानाबाहेर आला आणि नियमानें त्याची नोंद 'निवृत्त, बाद' अशी झाली. पन्नास धावा करूनही जागा सोडावी लागली. त्याच्या जागीं फटके मारण्यासाठीं जो आंत गेला तो अमरावतीचा जितेश. आणि जितेश शून्यावर बाद झाला. पंजाबनें तो सामना १५ धावांनीं गमावला.

त्या रात्रीं अकोल्यांत आणि अमरावतींत कोणी निकाल दिला असता तर तो काय दिला असता? एकाला त्याच्याच पक्षानें परत बोलावलें आणि दुसरा बोलावल्याचें सार्थक करूं शकला नाहीं. तेव्हां दोघांनींही आतां दुसरा उद्योग पाहावा, असेंच ना? परंतु पांच महिन्यांच्या आंत, ३ ऑक्टोबर २०२३ रोजीं, चीनमधील हांगचौ येथें आशियाई क्रीडास्पर्धेंत जितेश प्रथम भारताकडून खेळला, आणि तो संघ सुवर्णपदक घेऊन परतला. २०२५ च्या हंगामासाठीं बंगळूरच्या संघानें त्याच्यावर ११ कोटी रुपयांची बोली लावली. २७ मे २०२५ रोजीं लखनौ येथें २२८ धावांचें लक्ष्य असतां त्या दिवसापुरता कर्णधार असलेल्या जितेशनें ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून सामना जिंकून दिला, आणि आठवड्याभरांत त्याच्या संघानें आयपीएलचें अजिंक्यपद मिळविलें. अथर्वच्या अंगावर भारताचा वरिष्ठ पोशाख तेव्हां चढलेला नव्हता; पण ऑक्टोबर २०२५ मध्यें नागपूरला शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाच्या सामन्यांत त्यानें १४३ धावा केल्या आणि करंडक विदर्भानें जिंकला. ज्याला संथ म्हणून बाहेर बोलावलें, त्याच्याच संयमाचें त्या सामन्यांत मोल झालें.

या हकीकतींचा अर्थ, धीर धरला कीं सर्वांना कोटी रुपये मिळतात, असा कोणी घेऊं नये. तसें आम्ही सांगूं लागलों तर ती वाचकांची फसवणूक होईल. जितेशसारखीं सहा वर्षें वाट पाहून ज्यांचें नांव कधींच पुकारलें गेलें नाहीं असे तरुण पुष्कळ आहेत, आणि त्यांचे लेख कोणी लिहीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, खेळाडूच्या आरंभींच्या वर्षांत घरानें निकाल देण्याचें काम हातीं घेऊं नये. निकाल देणारे बाहेर पुष्कळ आहेत. निवडसमिति आहे, बोली लावणारे आहेत, वयाचा नियम आहे, दुसऱ्याची दुखापतही आहे. ३२० धावा काढून आलेल्या मुलाला आणि शून्यावर बाद होऊन आलेल्या मुलाला ज्या ठिकाणीं सारखेंच ताट वाढलें जातें असें ठिकाण जगांत एकच असतें. तेंही निकाल देऊं लागलें तर मुलानें जावें कोठें?

तरीही व्यवहार सुटत नाहीं, आणि तो सोडावा असेंही आम्ही म्हणत नाहीं. घरानें आणि मुलानें मिळून कांहीं गोष्टी उघडपणें ठरवाव्या. शिक्षण पुरें करावयाचें, मग तें एक वर्ष उशिरा झालें तरी चालेल. खेळाला अमुक वर्षें द्यावयाचीं, आणि त्या मुदतींत प्रत्येक सामन्यानंतर उलटतपासणी करावयाची नाहीं. मुदत संपल्यावर मार्ग बदलावा लागला तर त्याला अपयश म्हणावयाचें नाहीं आणि चुलतभावांच्या पगाराशीं त्याची तुलना करावयाची नाहीं. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथेंच आहे. एकट्या बापाला जो भार जड होतो तो चार खांद्यांवर हलका होतो. मात्र चारही तोंडांनीं एकच बोलावें हें पथ्य पाळावें लागतें.

हें लिहून झाल्यावर आम्ही अमरावतीच्या त्या आजोबांना पत्र पाठविलें. त्यांत लिहिलें कीं, शिकवणीची वेळ बदलतां येते का तें आधीं पाहा. सकाळचा वर्ग असेल तर अर्धा तंटा तेथेंच मिटेल. न मिटला तर मुलाला बोलावून त्याचें स्वतःचें म्हणणें पुरें ऐकून घ्या, कारण त्या रात्रीं ओसरीवर सर्वजण बोलले, तो एकटाच बोलला नव्हता.

परवां त्यांचें उत्तर आलें. वर्ग सकाळीं सहाचा ठरला आहे. मुलाला पहांटे उठविण्याचें काम वडिलांनीं आपल्याकडे घेतलें आहे. आजींनीं उन्हासाठीं टोपी आणवली आहे. खेळाचें पुढें काय होईल तें आजोबांनीं लिहिलेलें नाहीं, आणि आम्हींही तें विचारणार नाहीं.