आधी वारा, मग रोषणाई : पीसीसाठी आरजीबी फॅन घेताना कोटेशनची शेवटची ओळ वाचा

गेल्या महिन्यात नागपूरहून मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. तो आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, रेंडरिंगसाठी पीसी जोडून घेतोय. बजेट ९० हजार, त्यातले निम्मे काकांच्या फिक्स्ड डिपॉझिटमधले. कोटेशनमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, सगळं मॉडेल नंबरसकट लिहिलेलं. शेवटची ओळ मात्र अशी : ‘आरजीबी फॅन – ६ नग – फ्री’. कंपनी नाही, मॉडेल नाही, पिन किती ते नाही. खाली भावाचा मेसेज : ‘ताई, भारी डील आहे ना?’

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा, ही ओळ तुम्हाला अशीच भेटेल. माझं मत सुरुवातीलाच सांगते. पीसीमध्ये रंगीत दिवे असावेत, त्यात काही वाईट नाही. पण ‘आरजीबी फॅन’ या नावाखाली जे खपवलं जातं त्यातला बराच माल म्हणजे दिवा आहे, ज्याच्याभोवती पाती फिरतात. ग्राहकही दिवाच बघून घेतो, त्यामुळे दोष एकट्या दुकानदाराचा नाही.

फॅन थंड करत नाही

फॅन फक्त हवा हलवतो. नागपुरात मे महिन्यात खोलीत ४२ अंश असतील, तर जगातला कोणताही फॅन कॅबिनेटमधली हवा ४१ वर आणणार नाही. तो एवढंच करतो की आत तयार झालेली उष्णता साचू न देता बाहेर ढकलतो.

किती ढकलतो, याचं गणित सोपं आहे. समजा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॉट उष्णता टाकतायत. कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा (खोक्यावर हे ‘सीएफएम’ म्हणून लिहिलेलं असतं) खरोखर जात असेल, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण १५ अंशांनी गरम असते. १०० सीएफएम केली तर फरक ७ अंशांवर येतो. २०० केली तर साडेतीनवर. म्हणजे पहिल्या दुपटीने ७-८ अंश मिळाले, दुसऱ्या दुपटीने जेमतेम साडेतीन. एकावरून तीन फॅनवर जाण्याने जो फरक पडतो, तो सहावरून नऊवर जाण्याने पडत नाही.

यात एक मेख आहे. खोक्यावरचा सीएफएम आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी आली, धुळीचा फिल्टर आला, रेडिएटर आला की तो घसरतो. आणि पुढचा भाग अख्ख्या काचेचा असला, बाजूला बोटभर फटच असली, तर जास्तच घसरतो. म्हणून दुसरा आकडा बघायचा तो स्टॅटिक प्रेशरचा, जो ‘मिलिमीटर पाणी’ या मापात दिलेला असतो. फॅन जाळीमागे किंवा रेडिएटरवर बसणार असेल तर हा आकडा सीएफएमइतकाच महत्त्वाचा. ज्या खोक्यावर हे दोन्ही आकडे नाहीत आणि फक्त ‘१.६ कोटी रंग’ लिहिलंय, ते खोकं खाली ठेवा. १.६ कोटी रंग कुठल्याही आरजीबी दिव्यात असतातच. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, त्यांचा गुणाकार.

दोन वायरी, दोन वेगळे संसार

इथे थोडं थांबू, कारण पैसे इथेच जळतात.

चांगल्या आरजीबी फॅनमधून दोन वायरी निघतात. एक मोटरची, एक दिव्यांची. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही.

मोटरची वायर ३ पिनची असते किंवा ४ पिनची. ३ पिनमध्ये ग्राउंड, १२ व्होल्ट आणि वेग कळवणारा सिग्नल. चौथी पिन वेग ठरवण्यासाठी. त्या तारेवरून मदरबोर्ड सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल पाठवतो आणि त्यात ‘चालू’चा वाटा किती, यावरून फॅन आपला वेग धरतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. २५ हजारच का? माणसाला साधारण २० हजारांपर्यंतच ऐकू येतं, म्हणून.

दिव्यांची वायर दोन जातींची. जुनी जात १२ व्होल्ट, ४ पिन. यात सगळे दिवे एका वेळी एकाच रंगाचे. नवी जात ५ व्होल्ट, ३ पिन, तिला एआरजीबी म्हणतात. यात प्रत्येक दिव्यात स्वतःची इवलीशी चिप असते, त्यामुळे इंद्रधनुष्य गोल फिरताना दिसतं. रील्समध्ये दिसतं ते हेच.

आता धोका. एआरजीबीच्या प्लगला जागा चारांचीच असते, मधली एक रिकामी. काही प्लगमध्ये ती जागा बुजवलेली नसते, मग तो १२ व्होल्टच्या ४ पिनांवरही गुपचूप बसतो. ५ व्होल्टच्या तारेला १२ व्होल्ट मिळतात आणि दिवे जातात. मी स्वतः हा उद्योग केलाय, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी असून! धूर नाही, आवाज नाही. एक पांढरा लखलखाट, आणि नंतर काही नाही. मदरबोर्डवर दोन्ही जागांच्या शेजारी व्होल्टेज छापलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून वाचा आणि मगच प्लग लावा.

‘फिक्स आरजीबी’ म्हणजे काय

भावाला मिळणारे सहा ‘फ्री’ फॅन कोणते, हे दुकानदाराला फोन करून विचारलं. उत्तर आलं, ‘मॅडम, फिक्स आरजीबी आहेत, मोलेक्सवाले.’ माझ्या मते हा प्रकार घेऊच नये.

मोलेक्स म्हणजे एसएमपीएसमधून निघणारा तो जुना, जाडजूड ४ पिनांचा प्लग. त्यावर लावलेला फॅन मदरबोर्डशी बोलतच नाही. पीसी चालू केला की पूर्ण वेग, तुम्ही रेंडर करा नाहीतर नुसतं ई-मेल वाचा. दिव्यांचा रंग ठरलेला, बंद करायची सोय नाही. आवाज कमी करायचा तर वायर उपटणे हा एकच उपाय.

पूर्ण वेगाचं काय बिघडलं, असं वाटेल. फॅनचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि मोटरला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते. म्हणून अर्ध्या वेगाने फिरणारे तीन फॅन पूर्ण वेगाच्या एका फॅनपेक्षा दीडपट हवा देतात आणि आवाज तरीही जवळपास १० डेसिबलने कमी करतात. जास्त फॅन लावण्याचा खरा फायदा हाच आहे, आणि वेग ताब्यात नसेल तर नेमका तोच हातचा जातो. सहा फॅन, सहाही भरधाव, आणि तुम्ही त्याच खोलीत झोपायचं.

मोलेक्सचाच थोडा सुधारलेला भाऊ म्हणजे रिमोटवाला सेट. त्यात फॅनला ६ पिनांचा वेगळाच प्लग असतो आणि तो फक्त सोबतच्या हबमध्ये बसतो. रिमोटने रंग बदलतात, घरी आलेली पाहुण्यांची पोरं खूश होतात. हब गेला की मात्र सगळे फॅन एकदम निकामी, कारण तो प्लग दुसरीकडे कुठेच बसत नाही. महागड्या कंपन्यांचेही स्वतःचे प्लग आहेत. फॅनला फॅन जोडत जायचा आणि एकच वायर काढायची, ही लिआन ली किंवा कोर्सेअरची पद्धत दिसायला खरंच सुबक आहे. पण तिथेही पुढचा फॅन त्याच घरातला घ्यावा लागतो, हे आधी माहीत असावं.

मदरबोर्ड किती पेलतो?

बहुतेक मदरबोर्डच्या एका फॅन जागेवर १ अँपिअर मिळतो. फॅनच्या पाठीमागच्या स्टिकरवर त्याचा करंट लिहिलेला असतो. ०.२ अँपिअरचे तीन फॅन स्प्लिटरने एका जागेवर चालतील. सहा लावाल तर मर्यादा ओलांडली. तिथे एसएमपीएसवरून वीज घेणारा पीडब्ल्यूएम हब लावायचा. दिव्यांच्या ५ व्होल्टच्या जागेवर बहुधा ३ अँपिअर असतात, पण हाही आकडा मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघून घ्यावा.

तोंड कुठे?

फॅनची एक बाजू मोकळी असते, दुसरीकडे मोटर धरणाऱ्या काड्या असतात. हवा मोकळ्या बाजूने शिरते आणि काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. हल्लीच्या मत्स्यालयासारख्या काचेच्या कॅबिनेटमध्ये बाजूचे आणि तळाचे फॅन हवा आत घेतात, त्यामुळे काचेतून नेमकी काड्यांची बाजू दिसते. ती आवडत नाही म्हणून फॅन उलटे बसवणारे लोक आहेत. मग सगळे फॅन हवा बाहेर फेकतात आणि धूळ मिळेल त्या फटीतून आत येते. यावर ‘रिव्हर्स’ पात्यांचे फॅन मिळतात, त्यांचा सुंदर चेहरा काचेकडे राहतो आणि हवा आतच येते. घ्यायचे तर ते घ्या. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की ती फिल्टरमधूनच येते. शेजारी बांधकाम चालू असेल (आणि ते कुठे नसतं?) तर महिन्याला फिल्टर झटका.

बेअरिंगचं एका ओळीत : स्वस्त फॅनमधलं स्लीव्ह बेअरिंग उन्हाळ्यात तेल सुकून खरखरायला लागतं, छताला आडवं बसवलं तर लवकरच. फ्लुइड किंवा बॉल बेअरिंग मागा.

दिव्यांवरचे खोटे आरोपही नकोत

‘आरजीबीने पीसी तापतो’ हे मी बऱ्याच जाणत्यांकडून ऐकलंय. एका फॅनच्या दिव्यांना २ वॉट धरले तर सहा फॅनचे १२ वॉट. ४०० वॉटच्या भट्टीत हे काहीच नाही. रोज ८ तास चालवलं तर वर्षाला ३५ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर साडेतीनशे रुपये. त्रास होतो तो झोपेचा. वन बीएचकेमध्ये पीसी हॉलमध्ये, आई-बाबा हॉलमध्ये, आणि रात्रभर रेंडर चालू. तेव्हा दिवे बंद करता येणं ही चैन नाही. काही मदरबोर्डवर पीसी बंद केल्यावरही दिवे जळत राहतात, ते बायोसमधून बंद होतात. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून ‘डायनॅमिक लायटिंग’ आलंय, पण ते फक्त त्याला साथ देणाऱ्या उपकरणांवर चालतं. बाकीच्यांना अजून कंपनीगणिक वेगळं अ‍ॅप.

ऑस्ट्रियाची नोक्टुआ तपकिरी-बदामी रंगाचे, बिनदिव्यांचे फॅन विकते आणि तरी तिचं नाव आदराने घेतलं जातं. सगळ्यांना तो रंग झेपत नाही, मलाही नाही. माझा सल्ला मधला आहे. एकाच मॉडेलचा दिव्यांचा आणि बिनदिव्यांचा फॅन मिळतो का बघा (आर्क्टिकच्या पी१२ मध्ये मिळतो). दोन्हींच्या किमतीतला फरक म्हणजे दिव्याची किंमत. ती पटली तर समोर दिसणारे तीन दिव्यांचे घ्या. मागचा, जो भिंतीकडे तोंड करून आयुष्य काढणार, तो साधा घ्या.

भावाने तसंच केलं. समोर तीन ४ पिनांचे एआरजीबी, मागे एक काळा. दुकानदाराने नवं कोटेशन पाठवलं, त्यात शेवटच्या ओळीत आता मॉडेल नंबर आहे. आणि सहा ‘फ्री’ फॅन नकोत म्हटल्यावर कॅबिनेटची किंमत १,८०० रुपयांनी खाली आली.