मावशीचा गुडघा आणि आमचा खंबीरपणा

मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला परवा चौदा महिने झाले. बोईसरला तिच्याकडे गेलो होतो. नेहमीप्रमाणे चहा, चिवडा आणि नेहमीप्रमाणे आलेल्यांपैकी कुणीतरी ते वाक्य टाकलंच. "ताई, मन खंबीर ठेवा, सगळं ठीक होतं!" मावशी हसली आणि उठून आत गेली. उठताना तिने टेबलाची कड कशी घट्ट धरली, ते वाक्य टाकणाऱ्याने पाहिलं नाही. मी पाहिलं, म्हणून हे लिहितोय. घरची मंडळी वाचतील आणि थोडी रागावतील. रागवा बापडे.

ऑपरेशन मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात झालं. एक्सरे उत्तम, जखम उत्तम. पण रात्री गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची आग होते, चादर लागलेलीसुद्धा सहन होत नाही. दाखवायला म्हणून पहाटेची लोकल धरून विरार, तिथे गाडी बदलून पुढे, असं तीनदा गेलो. तिन्ही वेळा उत्तर एकच, "एक्सरे छान आहे, आजी." तिसऱ्यांदा वर "फार विचार करू नका."

म्हणजे एक्सरेत दिसत नाही ते मनात, आणि मनात आहे म्हणजे चूक तुमची. काका तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यातून रिटायर झालेत. ते त्या दिवशी गाडीत म्हणाले, "प्लांटवर मीटर नॉर्मल दाखवतोय पण वास येतोय, तेव्हा आम्ही वास घेणाऱ्याला वेडा ठरवत नव्हतो रे. व्हॉल्व तपासायचो."

ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याची जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ साली लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, स्वतंत्र नोंद आहे. गुडघा बदललेल्यांत साधारण पाचातल्या एकाला ते छळतं. कारणं पुष्कळ. नस दुखावलेली असते, आधीचं जुनं दुखणं असतं, पहिल्या दिवसांतली कळ नीट शमवलेली नसते, धास्तीही असते.

मनाचा संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. उलट आहे, आणि तोच नीट वाचा. २०१४ साली 'ब्रेन' या नियतकालिकात नादीन अताल आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांचा अभ्यास आला. गुडघा बदलायला किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला आलेल्या १८९ जणांना त्यांनी ऑपरेशनच्या *आधी* काही चाचण्या दिल्या. एकीत कागदावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली असतात, ती आळीपाळीने जोडायची. आपल्या भाषेत १, अ, २, आ, ३, इ... दुसरीत एक किचकट आकृती बघून काढायची, मग आठवून. यांत जे अडखळले, त्यांच्यात सहा महिन्यांनी आणि वर्षाने दुखणं टिकण्याचं प्रमाण जास्त निघालं.

आता सांगा, यात खंबीरपणा कुठे आला? ही परीक्षा आहे एक धागा सोडून दुसरा उचलण्याची, म्हणजे लवचीकपणाची. आणि आम्ही बाईला चौदा महिने सांगतोय की वाकू नकोस! मावशी जन्मभर शिक्षिका. फिजिओच्या वहीत 'वीस वेळा' लिहिलं की वीस म्हणजे वीसच, मग गुडघा सुजून भोपळा होवो. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर शेजारी बसून आकडे मोजत होतो. सतरा, अठरा... तिचे डोळे भरले होते, मला वाटलं जिद्द.

आणि ताठ कोण? कापलं, शिवलं, टाके काढले, बरं झालं. १, २, ३, ४. मधला 'अ' आमच्यापैकी कुणी उचललाच नाही. डॉक्टरांनीही नाही, आम्हीही नाही. तो कागद ऑपरेशनच्या आधी पाच-दहा मिनिटं तिच्यापुढे ठेवता आला असता. झोप कशी आहे, भीती कसली वाटते, आधीचं दुखणं किती, हे विचारता आलं असतं. त्यावरून पहिल्या आठवड्यातल्या कळेवर जास्त लक्ष ठेवता आलं असतं. ही माहिती आधी वापरायची असते, नंतर बोट दाखवायला नाही.

(उत्साही मंडळींसाठी: हा अभ्यास फक्त अंदाज बांधतो. मन लवचीक केलं की दुखणं जातं, असं त्यात सिद्ध झालेलं नाही. तेव्हा कृपया मावशीला सुडोकूची पुस्तकं पाठवू नका. दोन आली आहेत.)

असो. पेन क्लिनिकची वेळ मिळाली आहे, पुढच्या मंगळवारची. फिजिओशी बोलून वहीतले वीस खोडून मावशीने स्वतःच्या हाताने आठ लिहिलेत. त्यानंतरच्या रविवारी भेटायला येणाऱ्यांनी चिवडा जरूर खावा. ते वाक्य मात्र येताना उमरोळीला उतरवून यावं.