कानातले यंत्र आणि त्याचा सेल

ठाण्यात म्हणा, कल्याण-डोंबिवलीत म्हणा, पुष्कळ घरांत आजोबांचे ऐकण्याचे यंत्र कपाटात पडून असते. विचारले की उत्तर येते, "सेल फार खाते." तक्रार खोटी नाही. पण निम्मी गोष्ट यंत्र घेतानाच ठरलेली असते.

या यंत्रांत बहुधा १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल असतो. पट्टीच्या रंगावरून नंबर ओळखावा : १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. १० नंबरचा सेल सहा मिलिमीटरही रुंद नसतो, दिवसभर वापरला तर आठवडाभर जेमतेम पुरतो. १३ नंबरचा त्याच्या दुप्पट चालू शकतो. तरी 'लोकांना दिसू नये' म्हणून घरची मंडळी इवलेसे यंत्र मागतात. चष्म्याची लाज वाटत नाही, मग याचीच का? शिवाय तो इवला सेल थरथरत्या बोटांनी बसवायचा कोणी?

कल्याण स्टेशनातला गलका दाबून समोरच्याचे बोलणे उठावदार करणारे यंत्र वीजही जास्त घेते. फोनचा आवाज थेट कानात घेतला तर आणखी. म्हणून कोणी आवाज बारीक करून ठेवतात. आम्हाला हे पटत नाही. सेल वाचतो, पण माणूस भरल्या घरात एकटा पडतो.

काटकसर दुसरीकडे करावी. हा सेल हवेतल्या प्राणवायूवर चालतो. पट्टी काढली की वापरा वा न वापरा, तो झिजू लागतो. पट्टी परत चिकटवून उपयोग नाही. मिनिटभर हवेत ठेवून मगच बसवावा. रात्री यंत्राचे झाकण उघडे ठेवावे. यंत्र बंद राहते, घामाची ओल निघते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे विशेष पाळावे. जुने सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, ती गिळतात.

चार्जिंगचे यंत्र बोटांना सोपे, पण त्याची बॅटरी काही वर्षांनी थकते आणि ती बदलायला दुकानच गाठावे लागते.

केंद्राच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना मदत मिळते. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दादरला गाडी बदलून जाता येते. यंत्र कुठूनही घ्या, आजोबांना सोबत न्या आणि सेल त्यांनाच बसवून पाहू द्या.